खडा उजवीकडे, कळ डावीकडे : तीन सोनोग्राफ्यांचा अनुभव

यंदाच्या ६ फेब्रुवारीला पहाटे साडेतीनच्या सुमारास डाव्या कुशीत कळ आली आणि मी ताडकन उठून बसले. आधी वाटलं, झोपेत अंग अवघडलं असेल. मग वाटलं, गॅस. कुशीवर वळून पाहिलं, पालथं पडून पाहिलं, पोटाशी उशी धरून पाहिली, पण कुठल्याच बाजूला आराम पडेना. कळ बरगडीच्या खालून निघून पुढे जांघेकडे उतरत होती. थोडी ओसरायची, हायसं वाटेपर्यंत पुन्हा चढायची. सव्वाचारला उलटी झाली आणि धाकट्या बहिणीने माझी चप्पल दारात आणून ठेवली. "ताई, आता घरी थांबायचं नाही," एवढंच म्हणाली.

आपत्कालीन विभागात मी एका जागी बसूच शकत नव्हते, भिंतीला धरून येरझाऱ्या घालत होते. तिथल्या डॉक्टरांनी ते पाहूनच विचारलं, "पूर्वी कधी मुतखडा झालाय?" नव्हता. त्यांनी सांगितलं की पोटाच्या इतर बऱ्याच दुखण्यांत माणूस हालचाल टाळून पडून राहतो, मुतखड्याच्या कळेत मात्र त्याला स्वस्थ पडवत नाही. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, लघवी आणि रक्त तपासायला घेतलं. पाऊण तासात कळ उतरली. लघवीत तांबड्या पेशी सापडल्या, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं. गर्भधारणेची चाचणीही केली. पुढे सीटी स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी काढलेली चित्रं, करायची वेळ आली तर हे आधी माहीत असावं लागतं, असं नर्सने सांगितलं. मग सोनोग्राफीची चिठ्ठी मिळाली : 'यूएसजी केयूबी', म्हणजे मूत्रपिंड, मूत्रवाहिनी आणि मूत्राशय. चिठ्ठीवर नुसतं तपासणीचं नाव नव्हतं. 'डाव्या बाजूला कळ, लघवीत रक्त' हेही लिहिलेलं होतं. तुमच्या चिठ्ठीवर असं काही नसेल तर डॉक्टरांना लिहून द्यायला सांगा. तपासणाऱ्याने नेमकं कुठे जास्त वेळ घालवायचा, ते त्या एका ओळीवरून ठरतं.

सोनोग्राफीच्या खोलीत जाईपर्यंत सकाळचे नऊ वाजले होते. रात्रीच्या उलटीनंतर पोटात पाण्याचा थेंब टिकला नव्हता आणि लघवीही नुकतीच तपासायला दिलेली. डॉक्टरांनी विचारलं, "ताई, पाणी किती प्यायलात? लघवी भरल्यासारखी वाटतेय का?" मी नाही म्हटलं. "हरकत नाही, जेवढं दिसेल तेवढं आज बघू."

तपासणी दुखत नाही, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. खोली अंधारी असते. पोटावर आणि कुशीत गार जेल लावतात. ते एवढ्यासाठी की प्रोब (पोटावर फिरवायचं हातातलं उपकरण) आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहता कामा नये. आवाजाच्या लाटा हवेच्या थरावर आपटून मागे फिरतात, आत शिरतच नाहीत. आपल्या कानाला सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या प्रोबमधून निघणारा आवाज सेकंदाला साधारण ३५ लाख कंपनांचा असतो. तो शरीरात सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो आणि आठ सेंटिमीटर खोल असलेल्या मूत्रपिंडावरून परत यायला त्याला सेकंदाचा जेमतेम दहाहजारावा भाग लागतो. आलेले प्रतिध्वनी जोडून पडद्यावर चित्र उमटतं. यात क्ष-किरण नसतात, म्हणून गरोदर बायका आणि मुलं यांच्यात मुतखडा शोधताना पहिली पसंती हीच.

"श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." हे मी त्या दिवशी पंधरा-वीस वेळा ऐकलं असेल. श्वास भरून घेतला की मूत्रपिंड बरगड्यांखालून थोडं खाली सरकतं आणि दिसायला सोपं जातं. उजवीकडे यकृताची मोठी खिडकी मिळते, म्हणजे यकृतातून आवाज सहज पुढे जातो, त्यामुळे तिथलं काम पटकन झालं. डाव्या कुशीत मात्र मला उजव्या अंगावर वळवून, हात डोक्यावर घ्यायला लावून, दोन बरगड्यांच्या मधून बघावं लागलं. दुखऱ्या बाजूवर प्रोब दाबला की थोडं कळवळायला होतं. तसं सांगितलं तर हात हलका करतात.

तासाभराने रिपोर्ट हातात पडला आणि आमची खरी तारांबळ उडाली. इंग्रजीत लिहिलेलं होतं : उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात ३.५ मिलिमीटरचा खडा. डावीकडे 'माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस', म्हणजे मूत्रपिंडाला सौम्य सूज. आणि पुढे 'नो ऑब्व्हियस कॅल्क्युलस सीन', म्हणजे ठळकपणे खडा दिसला नाही. कळ डावीकडे आणि खडा उजवीकडे! बहीण म्हणाली, बाजूंची अदलाबदल झालीय. वर वयाच्या रकान्यात ३८ च्या जागी ८३ टाइप झालं होतं, त्यामुळे तिची शंका मलाही पटली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. रात्रभर एवढं सोसून हातात आलेल्या कागदावर दुखण्याचं कारणच नव्हतं.

काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने सांगितलं, छापलेल्या रिपोर्टमध्ये आम्ही अक्षरही बदलू शकत नाही, डॉक्टरांची सही लागेल, ते आता तपासण्या करताहेत. आम्ही थांबलो, पन्नास मिनिटं. तसंच घरी गेलो नाही याचं आज समाधान वाटतं, कारण वय दुरुस्त करून देताना डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि साठवलेली चित्रं पुन्हा उघडून दाखवली.

"हे तुमचं उजवं," ते म्हणाले. राखाडी घेवड्याच्या आकारात खाली एक लख्ख पांढरा ठिपका होता आणि त्याच्या मागे काळी पट्टी, सरळ खाली उतरलेली. "ठिपका पुष्कळदा चरबीचाही असतो. मागची सावली बघायची. आवाज खड्याच्या पलीकडे जात नाही, म्हणून तिथे अंधार." तो खडा मूत्रपिंडाच्या कप्प्यात निवांत बसलेला होता. वाट अडवत नव्हता, म्हणून दुखत नव्हता. मग त्यांनी डावं दाखवलं. त्याच्या मधोमध काळ्या फांद्या पसरल्यासारख्या दिसत होत्या. "ही साचलेली लघवी. खाली कुठेतरी वाट अडली आहे. पण मधली मूत्रवाहिनी आतड्यातल्या गॅसमागे लपलीय आणि मूत्राशय रिकामं असल्यामुळे खालचं टोक बघता आलं नाही." हे सगळं रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींत लिहिलेलंही होतं. आम्ही तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटिमीटर लांब, मूत्रपिंडातून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी. तिचं वरचं आणि खालचं टोक सोनोग्राफीत बरं दिसतं. मधला लांबलचक भाग गॅसमुळे बहुतेक वेळा दिसत नाही. जेल लावून कातडीवरची हवा काढता येते, आतड्यातली कशी काढणार? युरोपीय युरॉलॉजी (मूत्रविकारशास्त्र) संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत मूत्रवाहिनीतला खडा सोनोग्राफीत सापडण्याचं प्रमाण ४५ टक्के दिलेलं आहे. म्हणून 'खडा दिसला नाही' हे वाक्य 'खडा नाही' असं वाचू नका, अगदी कळकळीने सांगते. कळ, लघवीतलं रक्त आणि त्याच बाजूची सूज या तिन्ही गोष्टी एकत्र धरून डॉक्टर निदानाकडे जातात. मी तेवढं वाक्य वाचून निर्धास्त झाले असते, तर पुढचे दोन आठवडे कसे गेले असते, विचार करवत नाही.

त्याच दिवशी दुपारी युरॉलॉजिस्टना भेटले. माझा पहिला प्रश्न होता, लगेच सीटी का करत नाही? सीटीत जवळपास सगळे खडे सापडतात, हे मी तोवर वाचलं होतं. त्यांनी घाई केली नाही. ताप नाही, रक्ताचे आकडे ठीक आहेत, दोन्ही मूत्रपिंडं आहेत, कळ गोळीने आटोक्यात राहते, तर दोन दिवसांनी मूत्राशय नीट भरून पुन्हा सोनोग्राफी करू. तरीही नाही सापडला तर कमी रेडिएशनची सीटी, असं त्यांनी सुचवलं. सीटीचा खर्च सोनोग्राफीच्या कित्येक पट असतो हेही मनात होतंच, पण माझा जीव भांड्यात पडला तो दुसऱ्या गोष्टीने. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या १५ आपत्कालीन विभागांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, २,७५९ रुग्णांचा. सुरुवात सोनोग्राफीने केली म्हणून धोक्याचे आजार निसटून गुंतागुंत झाल्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि एकूण रेडिएशन कमी झालं. त्यातल्या काहींना पुढे सीटी लागलीच, पण सर्वांना नाही. ज्यांना भीती वाटते की डॉक्टर स्वस्तातली तपासणी करून वेळ काढताहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

८ फेब्रुवारी. अकराची वेळ मिळाली होती. सूचना अशी : तासभर आधी लघवी करून या, मग एक लिटर पाणी प्या आणि तपासणी होईपर्यंत लघवीला जाऊ नका. मी दहाला पाणी पिऊन तयार होते. सव्वाअकराला एका अपघातातल्या रुग्णाला आत नेलं. त्यांना आधी घेणं योग्यच होतं. पण पावणेबारापर्यंत माझी अवस्था अशी झाली की ना बसवत होतं ना उभं राहवत होतं. खडा मूत्राशयाजवळ आला की तसंही सारखी लघवीची भावना होते, आणि माझं दोन दिवस तेच चाललं होतं. शेवटी नर्सकडे जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "अगदीच असह्य असेल तर अर्धा पेला होईल एवढी सोडून या, पूर्ण नको." सोडलेली लघवी मधेच थांबवणं अवघड असतं, पण जमलं. दुसरी एक गोष्ट तिनेच सांगितली : पुढच्या वेळी पाणी घरून पिऊन येऊ नका, इथे आल्यावर काउंटरवर विचारा की किती जण पुढे आहेत, आणि मग सुरुवात करा.

आत पहिल्या दिवसाचेच डॉक्टर होते. जुना रिपोर्ट मी पुढे केला, तो त्यांनी वाचला आणि या वेळी सुरुवातच ओटीपोटापासून केली. भरलेलं मूत्राशय पडद्यावर मोठ्या काळ्या तळ्यासारखं दिसतं. त्याच्या मागच्या भिंतीशी, डावीकडे, एक पांढरा दाणा. मागे सावली. प्रोब जरासा कलता केला की दाणा नाहीसा व्हायचा, परत आणला की तिथेच.

"आता रंग लावून बघू," म्हणत त्यांनी एक बटण दाबलं. त्या पांढऱ्या दाण्यावर लाल-निळे ठिपके चमचम करायला लागले. रक्त वाहत नसतानाही खड्याच्या खडबडीत पृष्ठभागामुळे डॉप्लरमध्ये, म्हणजे प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, असा लखलखाट होतो आणि लहान खडा ओळखायला त्याची मदत होते, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "हलू नका, आता आपण वाट बघायची." आम्ही तिघंही पडद्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने उजव्या कोपऱ्यातून तळ्यात एक लालसर झोत उसळला, कारंज्यासारखा तिरपा, आणि विझला. उजव्या मूत्रवाहिनीतून लघवी आत पडताना दिसत होती! पुन्हा एक. पुन्हा एक. डावीकडे बराच वेळ काहीच नव्हतं. नंतर एक क्षीण धार आली, मेणबत्तीची वात फडफडावी तशी. "पूर्ण बंद नाही," डॉक्टर म्हणाले. "वाट आहे." दोन दिवसांत पहिल्यांदा मला मनापासून बरं वाटलं. दुखण्याचं कारण डोळ्यांनी दिसलं होतं आणि त्याच्या शेजारून थोडी का होईना लघवी जात होती.

एवढ्यावर संपलं नाही. लघवी करून या, मग मूत्रपिंडं परत बघू, असं त्यांनी सांगितलं. मूत्राशय तुडुंब भरलेलं असलं की त्या दाबानेही मूत्रपिंडं जराशी फुगलेली दिसू शकतात. रिकामं झाल्यावरही सूज राहिली तर ती खरी. डावीकडची राहिली. रिपोर्टमध्ये आलं : डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी, जिथे ती मूत्राशयात उघडते तिथे, ६.४ मिलिमीटरचा खडा. या वेळी नाव, वय, बाजू मी काउंटरसमोर उभी राहून तपासली आणि मगच सही करून कागद घेतला. विम्याच्या कागदपत्रांत डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, शिक्क्याचा रिपोर्ट आणि पावती या तिन्हींवर नाव सारखंच असावं लागतं. पहिल्या पावतीवर आडनाव अर्धवट पडलं होतं, तेवढ्यासाठी पुढे एक खेप वाढली. चित्रांची प्रतही मागून घ्या. नुसता रिपोर्ट नेला तर दुसऱ्या डॉक्टरांना तुलना करता येत नाही.

युरॉलॉजिस्टनी आकडे सरळ सांगितले. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे तीनांतले साधारण दोन आपणहून पडतात, ५ ते १० मधले जवळपास निम्मे. माझा अगदी दाराशी आलेला, म्हणून वाट बघायला हरकत नाही. टॅम्सुलोसिनची गोळी रात्री एक, कळ आली तर दुखण्याची गोळी. टॅम्सुलोसिन मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करते. उठताना चक्कर येऊ शकते, ती मला पहिल्या दोन रात्री आली, म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसूनच उठायचं ठरवलं. ऐन कळेत घागरभर पाणी पिऊन खडा ढकलता येतो हा समज चुकीचा आहे, उलट अडलेल्या मूत्रपिंडावर ताण वाढतो, हे त्यांनी स्पष्ट केलं. तहानेपुरतं प्या, बाकीच्या वेळी दिवसभरात विभागून. आणि तीन गोष्टींसाठी मध्यरात्रही बघू नका, लगेच या : थंडी वाजून ताप, लघवी बंद होणं, उलट्यांमुळे गोळीही न टिकणं. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. हे वाक्य बहिणीने कागदावर लिहून दाराला चिकटवलं.

पुढचे अकरा दिवस कंटाळवाणे आणि थोडे भीतीचे गेले. कळ तीनदा आली, सगळ्यात वाईट १३ तारखेच्या रात्री. प्रत्येक वेळी लघवी बारीक जाळीच्या गाळणीतून गाळायची. हे करायला मला फार संकोच वाटायचा, कामाच्या ठिकाणी तर विशेष. एक छोटी डबी आणि गाळणी कापडी पिशवीत घालून नेत होते, कुणी विचारलं नाही.

१९ फेब्रुवारीला सकाळी सहाला लघवीची धार मधेच अडली, एक चुरचुरती टोचणी झाली आणि गाळणीत टक्क असा बारीक आवाज आला. भुरकट, काटेरी, एका बाजूने चपटा. पट्टीवर ठेवून मोजला तर ५ मिलिमीटर. सोनोग्राफीत ६.४ होता! नंतर विचारलं तेव्हा कळलं की सोनोग्राफीत लहान खडे बऱ्याचदा असतात त्यापेक्षा मोठे दिसतात. म्हणजे रिपोर्टमधल्या एक-दीड मिलिमीटरवर रात्ररात्र विचार करण्यात अर्थ नसतो. खडा कोरड्या डबीत घालून तपासणीला दिला. आठ दिवसांनी उत्तर आलं, कॅल्शियम ऑक्झलेट, सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

खडा हातात आल्यावर तिसरी सोनोग्राफी कशाला, असं घरातल्या सर्वांनाच वाटत होतं. मलाही. पण कळ थांबली म्हणजे अडथळा गेला असं धरून चालत नाही, एखादा तुकडा मागे राहून न दुखताही मूत्रपिंड खराब होत राहू शकतं, हे ऐकल्यावर ४ मार्चची वेळ घेतली. या वेळी आधी काउंटरवर विचारलं, तिघं पुढे होते, मग बाटली उघडली. पंचवीस मिनिटांत आत. डाव्या मूत्रपिंडातल्या काळ्या फांद्या मिटल्या होत्या. मूत्राशयात दोन्ही कोपऱ्यांतून झोत येत होते, आलटून पालटून, सारख्याच जोराचे. मी न सांगताच श्वास धरून बघत राहिले, तेव्हा डॉक्टरांनी हसून आठवण केली, "सोडा आता."

उजवीकडचा खडा आहे तिथेच आहे, साडेतीन मिलिमीटर. त्याला हात लावायचा नाही, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी, मीठ कमी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. तिची चिठ्ठी मी फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवली आहे. तिच्यावर डॉक्टरांनी बाजू लिहिली आहे, खड्याची जागा लिहिली आहे, आणि खाली माझ्या अक्षरात एक ओळ आहे : तिन्ही जुने रिपोर्ट आणि चित्रं सोबत, पाणी तिथे गेल्यावर.